ओट्यावरचा उष्णतेचा डाग किंवा फोड दुरुस्त केला तरी परत परत येतोय? आधी हे तपासा

आमच्या ओट्याला लॅमिनेट आहे आणि शेगडीच्या डाव्या अंगाला त्याला एक फोड आला होता, सुरुवातीला नाण्याएवढा, हात फिरवला तरच कळायचा. मी जाडसर फडकं टाकून इस्त्री फिरवली, वर वजन ठेवलं, बसला. तीन आठवड्यांनी परत वर आला. परत इस्त्री, परत बसला, महिन्याभरात परत वर. तिसऱ्या वेळी तो तळहाताएवढा झाला आणि एका कडेला तपकिरी छटा धरायला लागली तेव्हा मात्र मला काळजी वाटली आणि मी सुतारदादांना बोलावलं. त्यांनी फोडाकडे बघितलंच नाही आधी, शेगडीकडे बघितलं आणि विचारलं, "इथे मोठं भांडं कुठलं चढतं?" मी घरातली सगळ्यात रुंद कढई काढून ठेवली तर तिचा काठ शेगडीच्या बाहेर चांगला चार बोटं येत होता, बरोब्बर फोडाच्या वर. "हे बघा, जाळ कढईच्या बुडाला लागून बाजूने बाहेर पडतोय आणि खाली ओट्यावर येतोय, तुम्ही फोड दाबताय पण त्याला ऊब रोज मिळतेय."

हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय कारण ओट्यावरच्या उष्णतेच्या डागाबद्दल जिथे बघाल तिथे डाग घालवायचे उपाय सांगितलेले असतात, आणि एकदाच गरम भांडं टेकून डाग पडला असेल तर ते बरोबरही आहे. पण तोच डाग त्याच जागी परत येत असेल तर दोनच शक्यता असतात. एक तर उष्णता अजून तिथे येतेय, किंवा तुम्ही ज्याला डाग समजताय ते वेगळंच काहीतरी आहे. या दोन गोष्टी बघितल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नका, कारण काही मटेरियलवर एकदा घासलं की मागे फिरता येत नाही.

पहिल्यांदा डाग वर आहे की आत आहे ते बघायचं. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च ओट्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून दिसत नाही ते आडव्या उजेडात लगेच दिसतं, फुगलंय का, खड्डा आहे का, फक्त चमक गेलीये का, का बारीक भेगांचं जाळं आहे. मग नख फिरवा. नखाला काहीतरी खरखरीत लागलं तर बऱ्याचदा तो भांड्याच्या बुडाचा जळका थर असतो, ओट्याला काहीच झालेलं नसतं. मग डागावर पाण्याचे दोन थेंब टाका. ओलं असताना डाग गायब होतो आणि वाळला की परत दिसतो असं असेल तर वरची चमक किंवा फिनिश गेलंय, आतला रंग शाबूत आहे. ओलं करूनही पिवळा तो पिवळाच राहिला तर मटेरियल आतून भाजलंय. आणि शेवटी बोटाच्या टोकाने टकटक करत डागाच्या आजूबाजूला फिरा, पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलाय. या चार गोष्टींना दोन मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं यावर ठरतं.

आता उष्णता किती असते याचा थोडा अंदाज द्यायलाच हवा कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. नुसतं पाणी उकळत असलेल्या भांड्याचं बूड साधारण १०० डिग्रीच्या आसपास असतं, प्रेशर कुकरमध्ये आत साधारण १२० डिग्री होतात, तळणीचं तेल १८० च्या आसपास, आणि रिकामा पॅन मोठ्या गॅसवर काही मिनिटं राहिला तर २५० च्याही वर सहज जातो. म्हणजे भरलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि काही झालं नाही म्हणून रिकामा तापलेला पॅन ठेवला तरी चालेल असं बिलकुल नाही. आणि लॅमिनेटच्या बाबतीत तर गंमत अशी की वरचा पत्रा बऱ्यापैकी सोसतो पण खालचा गोंद सोसत नाही. लॅमिनेट म्हणजे कागदाचे थर रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या रसायनात, भिजवून दाबलेले, वरच्या नक्षीच्या कागदाला मेलामाइन आणि खालच्या तपकिरी कागदांना फिनॉलिक रेझिन, जाडी सगळी मिळून जेमतेम एक मिलिमीटर. तो पत्रा प्लायवर किंवा पार्टिकल बोर्डवर ज्या कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हने चिकटवतात ते ६०-७० डिग्रीच्या पुढे मऊ पडायला लागतं. एकदा नाही, रोज अर्धा तास जरी तेवढी ऊब लागली तरी ते हळूहळू सुटतं, आणि वरून काहीच जळलेलं दिसत नाही.

म्हणून उगम शोधायचा. शेगडीजवळ असेल तर घरातली सगळ्यात रुंद भांडी एकेक करून त्या बर्नरवर ठेवा आणि काठ कुठपर्यंत येतो ते बघा. शेगडीपासून लांब असेल तर तिथे कुठलं विजेचं उपकरण उभं असतं ते बघा. टोस्टर आणि छोट्या ओव्हनच्या बाजूची आणि मागची जाळी चांगलीच तापते, एअर फ्रायरची गरम हवा मागून निघते, आणि सावकाश शिजवणारे इलेक्ट्रिक कुकर सहा सहा आठ आठ तास एकाच जागी बसून ओट्याला ऊब देत राहतात, ती ऊब कमी असते पण वेळ प्रचंड असतो. केटल आणि राइस कुकरची वाफ वेगळंच काम करते, ती ओट्याच्या कडेत नाहीतर सांध्यात शिरते आणि आतला पार्टिकल बोर्ड फुगतो. आणि खाली वाकून बघायला विसरू नका. ओट्याखाली ओव्हन बसवला असेल आणि त्याच्या हवेला बाहेर जायला वाट ठेवली नसेल तर उष्णता खालून वर येते, मग वर कितीही स्टँड ठेवा. डिशवॉशरचं पण तेच, काम संपल्यावर दार किलकिलं करून ठेवायची सवय असेल तर सगळी वाफ ओट्याच्या खालच्या कच्च्या कडेवर जाते.

इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला कुणाकडून तर फार उपयोग होतो, पण एक लक्षात ठेवा, चकचकीत स्टीलवर तो चुकीचं आणि बहुतेक वेळा कमी तापमान दाखवतो. जिथे मोजायचं तिथे मास्किंग टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरून मोजा. मी आमच्या फोडाच्या जागेवर तसाच तुकडा लावला होता, रोजच्या छोट्या पातेल्याला ४१ आलं आणि कढई चढवून वीस मिनिटांनी ८७. तो आकडा बघितल्यावर दादांचं म्हणणं मला खऱ्या अर्थाने पटलं. थर्मामीटर नसेल तर स्वयंपाक चालू असताना त्या जागेला जपून हात लावून बघा, तळहात ठेववत नसेल तर गोंदासाठी ती ऊब जास्तच आहे असं धरून चला.

उगम सापडला की मग दुरुस्ती, आणि ती मटेरियलप्रमाणे.

लॅमिनेटला फक्त फोड आलाय, रंग बदललेला नाही, तर इस्त्रीचा उपाय खरोखर चालतो, फक्त नीट करायला पाहिजे. इस्त्री मध्यम, वाफ पूर्ण बंद, सुती फडकं दुहेरी घडी करून मध्ये. दहा पंधरा सेकंद फिरवायची, उचलायची, हात लावून बघायचं, परत. एकाच जागी धरून ठेवली तर फोड बसायच्या ऐवजी पत्राच तपकिरी होईल. गोंद मऊ झाला की फडक्यात गुंडाळलेलं लाटणं मधून कडेकडे जोर देऊन फिरवायचं म्हणजे आतली हवा निघते. आणि खरं काम इथून पुढे आहे, जे मी पहिल्या दोन्ही वेळा पुरेसं केलं नव्हतं. गोंद गरम असताना धरत नाही, थंड होताना धरतो, त्यामुळे तो पूर्ण गार होईपर्यंत दाब हवा. सपाट फळी आणि वर भरपूर वजन, निदान दोन तास, मी तर रात्रभर ठेवलं. फोड फार जुना असेल, आत धूळ तेलकटपणा गेला असेल, तर गोंद मेलेला असतो आणि इस्त्रीने काही होत नाही. मग धारदार ब्लेडने नक्षीच्या रेघेवरून बारीक चीर द्यायची, इंजेक्शनच्या सिरिंजने आत लाकडाचा पांढरा गोंद सोडायचा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसायचा आणि चोवीस तास वजनाखाली.

रंग तपकिरी झाला असेल तर मात्र तो नक्षीचा कागदच भाजलेला असतो आणि तो परत पांढरा होत नाही. बेकिंग सोडा, टूथपेस्ट, ब्लीच, काहीही लावा, उलट घासून घासून आजूबाजूची चमक जाईल आणि डाग आणखी उठून दिसेल. त्यापेक्षा तेवढा भाग चौकोनी कापून तिथे टाइल नाहीतर स्टीलचा जाड पत्रा बसवून घ्या आणि कडा सिलिकॉनने नीट बंद करा. दिसायला चांगलं दिसतं आणि गरम भांडं ठेवायची हक्काची जागा होते, मला तर हा सगळ्यात समाधानाचा उपाय वाटतो. कडेचा पार्टिकल बोर्ड फुगला असेल तर तो वाळल्यावर परत पहिल्यासारखा बारीक होत नाही, तेवढा तुकडा बदलणं किंवा पूर्ण वाळवून कड सील करून वाढ थांबवणं, एवढंच हातात आहे.

क्वार्ट्झचा ओटा असेल तर कृपा करून घाई करू नका. नाव दगडाचं असलं तरी तो अख्खा दगड नाही, वजनाने नव्वद टक्क्यांच्या वर दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन आणि रंग. चुऱ्याला काही होत नाही, रेझिन मात्र साधारण १५० डिग्रीच्या पुढे बिघडायला लागतं, पिवळं पडतं किंवा पांढुरका गोल उमटतो. आधी वरचा थर निघतो का बघा, कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, मग बेकिंग सोड्याची पातळ पेस्ट मऊ फडक्याने हलक्या हाताने. तरीही गोल तसाच राहिला तर तो रेझिनमध्ये आहे. त्यावर घरी पॉलिश पेपर मारला तर फॅक्टरीची चमक जाते आणि ती घरी परत आणता येत नाही. आणि यापेक्षा मोठं कारण म्हणजे धूळ. क्वार्ट्झ कोरडा घासला की सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की डोळ्याला दिसत नाही, ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. हे दगड कापणाऱ्या कामगारांना एवढ्या मोठ्या प्रमाणात झालं की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा तयार केलेला दगड बनवण्यावर, पुरवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. तेव्हा स्वतः ग्राइंडर लावू नका, आणि बोलावलेला माणूस पाणी न वापरता कोरडा घासायला लागला तर त्याला तिथेच थांबवा, त्याच्यासाठी पण आणि घरातल्या मुलाबाळांसाठी पण. क्वार्ट्झला सिंकच्या किंवा शेगडीच्या कापलेल्या कोपऱ्यातून भेग गेली असेल तर इपॉक्सी भरून घेता येते, पण ती रेघ दिसणार, आणि उष्णता तशीच येत राहिली तर ती पुढे सरकणार.

अ‍ॅक्रिलिकचा सॉलिड सरफेस ओटा असेल तर तुम्ही नशीबवान आहात. तो जाडीभर एकाच रंगाचा असतो त्यामुळे वरचा भाजलेला थर घासून काढता येतो. ओला पॉलिश पेपर, पाणी मारत मारत, आधी १८० नंबर, मग २४०, मग ३२०, मग ४००, शेवटी घासायचं नायलॉन पॅड. डागापुरतंच घासू नका नाहीतर तिथे बशीसारखा खड्डा होतो आणि उजेडात दिसतो, चहूबाजूंनी हातभर पसरत जा. गोल गोल फिरवायचं आणि प्रत्येक नंबरनंतर धुऊन पुसून बघायचं, आधीच्या नंबरचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. डाग गेला पण काही महिन्यांनी तिथेच केसाएवढी भेग आली तर समजा की त्रास उष्णतेने फुगण्या-आकसण्याचा आहे. हे मटेरियल दगडापेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं, शेगडीसाठी कापलेला कोपरा गोलाई न देता काटकोनात ठेवला असेल तर सगळा ताण त्या टोकावर येतो. तिथे कोपरा गोल करून, भेगेच्या खालून त्याच मटेरियलचा तुकडा चिकटवून आणि कापलेल्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची उष्णतारोधक टेप लावून घ्यावी लागते, आणि हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

लाकडी ओट्यावर पांढरा गोल आणि काळा गोल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पांढरा म्हणजे वाफ वरच्या फिनिशमध्ये अडकलीये. कोरडं सुती फडकं टाकून कोमट इस्त्री काही सेकंद फिरवा, उचलून बघा, परत फिरवा, बहुतेक वेळा डोळ्यासमोर विरतो. तपकिरी-काळा आणि वास पण जळकट असेल तर लाकूड जळलंय, रेषांच्या दिशेने १०० नंबर, मग १५०, मग २२० ने घासायचं आणि खाण्याच्या वस्तूंना चालणारं मिनरल ऑइल पातळ हाताने तीन-चार वेळा मुरवायचं. पण काळा निळसर असेल आणि लोखंडी भांडं ओलं ठेवायची ती जागा असेल तर तो जळल्याचा डाग नव्हेच, लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनची प्रक्रिया आहे, तो ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातो, हातमोजे घालून आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन. आणि हे आवर्जून सांगतो, तेल म्हणून जवसाचं तेल वापरलंत तर तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

ग्रॅनाइट सहसा उष्णतेने खराब होत नाही. तिथे जो गडद गोल दिसतो तो बहुतेक तेल मुरल्याचा, सीलर, म्हणजे दगडात काही मुरू नये म्हणून लावलेला लेप, गेलाय म्हणून. बेकिंग सोडा पाण्यात दह्यासारखा घट्ट कालवून बोटभर थर द्या, वर प्लॅस्टिक, चोवीस तास, मग प्लॅस्टिक काढून पूर्ण वाळू द्या आणि खरवडा. दोन-तीनदा करावं लागतं. मग सीलर, नाहीतर परत तोच गोल. संगमरवरावर फिकट, चमक गेलेला गोल असेल तर तो आम्लाने चरलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यावर लिंबू-व्हिनेगर चुकूनही लावू नका. स्टीलवरची निळी-सोनेरी झाक म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर, स्टीलच्या रेघांच्या दिशेने क्लीनर लावून घासला की जातो.

प्लॅस्टिकची पिशवी किंवा झाकण वितळून चिकटलं असेल तर कुठल्याही ओट्यावर एकच, बर्फाची पिशवी पंधरा मिनिटं ठेवायची आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने उचलायचं. गरम असताना ओढायचं नाही.

आता डाग परत येऊ नये म्हणून काय काय बदलायचं. सपाट सिलिकॉनची मॅट उष्णता सोसते पण पातळ असेल तर खाली पोचवते सुद्धा, जळत नाही म्हणजे अडवते असं नाही. पाय असलेला जाळीचा स्टँड सगळ्यात चांगला कारण खालून हवा खेळते. पायांना रबर असेल तर लॅमिनेटवर रबराचे पिवळे ठिपके पडतात, ते पण लोक उष्णतेचे डाग समजतात, म्हणून बघून घ्या. विजेचं उपकरण असेल तर त्याखाली पायाचा स्टँड किंवा जाड लाकडी पाट आणि पाटाखाली ओल राहणार नाही याची काळजी. भिंतीपासून आणि ओट्याच्या सांध्यापासून वीतभर पुढे ओढा.

आमच्याकडे शेगडी उजवीकडे सहा बोटं सरकवली, मोठी कढई आता मधल्या बर्नरवरच चढते, आणि दादांनी फोडाची तपकिरी कड कापून तिथे स्टीलची अरुंद पट्टी बसवली, बाकीचा फोड मी रात्रभर वजनाखाली बसवला. टेप लावून परत मोजलं, कढई वीस मिनिटं, ४६. मग जिथपर्यंत फोड होता तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवली, दर रविवारी ओटा पुसून झाला की त्या रेघेच्या आत टकटक करून बघतो. पाच महिने झाले, आवाज भरीव येतोय.